फॉर्मवर आधीच छापलेलं 'सौ.'

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

श्रावण तोंडावर आलाय. पुण्यात मंगळवारचे हॉल कधीच बुक झालेत. सदाशिव पेठेपासून धायरीपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या टेरेसवर संध्याकाळी जा, दहा-पंधरा बायका झिम्मा, पिंगा, सुपाचे खेळ, लाटण्याचे खेळ घटवताना दिसतील. कुणी बँकेतून रिटायर झालेली, कुणी पोळ्या करायला जाणारी, कुणी नातवाला क्लासला सोडून आलेली. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' आला आणि हे प्रमाण आणखी वाढलं. आता ग्रुपना सुपाऱ्या मिळतात, गाडीभाडं मिळतं, मानधन मिळतं. पन्नाशीतली बाई गुडघ्याला पट्टा बांधून बसफुगडी घालते आणि त्याचे पैसे स्वतःच्या पर्समध्ये टाकते. याला नाकं मुरडणारे बरेच आहेत. मी नाही. गणपतीत बाप्ये दहा दिवस रस्ता अडवतात तेव्हा ती संस्कृती, आणि बायका दोन तास नाचल्या की टाइमपास, हा हिशोब मला कधी कळला नाही.

तेव्हा खाली जे लिहितोय ते या ग्रुपांच्या बाजूनंच लिहितोय, हे आधी लक्षात घ्या.

माझी आई भोरकडची. वय बहात्तर. दादा जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या सोसायटीतल्या ग्रुपला गेल्या श्रावणात एका स्पर्धेत उतरायचं होतं. यूट्यूबवर बघून बघून त्यांची पंचाईत झाली होती, कारण सगळ्या ग्रुपांची तीच पंचवीस-तीस गाणी, त्याच चाली, तोच ट्रॅक. कुणीतरी म्हणालं, काकूंना विचारा. झालं. आई रोज पाच वाजता खाली. दंडफुगडीत हात कसा धरायचा, श्वास कुठे घ्यायचा, गाणं कुठे तोडायचं, सगळं तिनं शिकवलं. दोन गाणी तर अशी काढली की मी तिच्या पोटचा असून कधी ऐकली नव्हती. ग्रुपनं ठरवलं, काकू स्टेजवर आपल्यासोबत उभ्या राहून गाणार.

मग फॉर्म आला. नावांच्या सोळा ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या आधी छापलेलं 'सौ.' टेबलावरची मुलगी साधीच होती, तिचा काही दोष नाही. ती म्हणाली, "आजींचं नाव नको ना, त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची देते." ग्रुपमधल्या दोघी भांडल्या, बाकीच्या गप्प बसल्या. मीही गप्पच बसलो, आणि पत्रकार म्हणवून घेतो. आई म्हणाली, "चालायचंच." तिचीच गाणी तिनं पुढच्या रांगेत बसून ऐकली. ग्रुपला दुसरं बक्षीस मिळालं.

हे विसरूनही गेलो असतो. पण माझी पुतणी एडिनबराला शिकते. हिवाळ्यात तिनं एक व्हिडिओ पाठवला. लांब टेबलाभोवती दहा-बारा बायका बसल्यात आणि ओलं जाड कापड तालात आपटत एकमेकींकडे सरकवतायत. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या पालुपद उचलतात. खाली पुतणीचा मेसेज : "काका, ही आपलीच मंगळागौर की!"

मी जरा वाचलं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत, तिथली गेलिक ही केल्टिक कुळातली भाषा. घरी विणलेल्या लोकरी कापडाची वीण घट्ट व्हावी म्हणून बायका ते शिळ्या लघवीत भिजवून (हो, खरंच) फळीवर तासन् तास आपटायच्या आणि सोबत गायच्या. बुडालेला नवरा, फसवून गेलेला प्रियकर, गावातल्या चहाड्या, सगळं त्यात. शेवटी पोरींची नावं पोरांशी जोडून चिडवायची गाणी. पुरुषांना तिथे सहसा जागा नसे. गिरण्या आल्या, काम संपलं. पण गाणी उरली, कारण वेळेवर कुणीतरी ऐकायला गेलं. मार्गारेट फे शॉ नावाची अमेरिकन बाई १९२९ ते १९३५ साउथ उइस्ट बेटावर दोन बहिणींच्या घरी राहिली आणि गाणी उतरवून घेतली. पुढे १९५१ मध्ये एडिनबरा विद्यापीठात स्कॉटिश अभ्यासाचं केंद्रच निघालं. आज तिथले बायकांचे ग्रुप त्याच रेकॉर्डिंगवरून शिकतात.

पुतणी ज्या ग्रुपात जाते त्यांनी तिला विचारलं, तुमच्याकडे बायका काम करताना काय गातात? तिनं आजीला व्हिडिओ कॉल लावला. आई ओट्याशी उभी होती. तिनं जात्यावरच्या चार ओव्या म्हटल्या. तिकडे अर्थ कुणाला कळला नाही, पण तिसऱ्या ओवीला टेबलावर ठेका सुरू झाला. विधवा आहे का, हे कुणी विचारलं नाही.

परदेश किती चांगला आणि आपण किती मागास, असं मला म्हणायचं नाही. ओव्यांच्या बाबतीत पुण्यानं केलेलं काम जगात कुठेही मान खाली घालायला लावणारं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी ऐंशीच्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. प्रत्येक ओवीला गाणारणीचं नाव, गाव. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या सगळ्यांसाठी खुल्या आहेत. त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, दारुडा नवरा आहे, माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. मंगळागौर मुळात ठरावीक घरांतली पूजा. जातं मात्र घरोघर होतं. एवढा खजिना पुण्यातूनच उभा राहिला आणि पुण्यातल्या स्पर्धांत तेच पंचवीस ट्रॅक वाजतात, हे मला खटकतं.

आणि बायकांनी एकत्र येण्याचं म्हणाल तर तो इतिहासही इथलाच. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईच्या पुढाकारानं अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये भरलं, ते आपल्या फर्ग्युसन कॉलेजात. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या. विषय होता मुलींचं शिक्षण. शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून फॉर्मवरच्या 'सौ.'शी अडलोय.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहितीये. "मंगळागौर ही सवाष्णींचीच पूजा, धर्मात ढवळाढवळ नको." बरं. घरी नव्या नवरीनं पाच वर्षं शंकर-पार्वती पुजावेत, कुणाला बोलवायचं तिनं ठरवावं. माझा आक्षेप तिथे नाहीच. पण स्पर्धेच्या स्टेजवर पूजा कुठे असते? तिथे एलईडी असतो, मागे भाऊंचा हसरा फोटो असतो, प्रायोजक साडीवाला असतो. परीक्षक ताल, वेशभूषा आणि वेळेला मार्क देतात. यात नवरा जिवंत आहे की नाही याचा संबंध कुठून आला? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या गावाला जमलं ते विद्येच्या माहेरघराला जड जातंय.

मागणं फार नाही. फॉर्मवर नुसतं 'नाव' छापा. शाई वाचेल. स्पर्धेत दहा मार्क अशा गाण्याला ठेवा, जे ग्रुपनं कुणा म्हातारीकडून स्वतः मिळवलंय, आणि निवेदकानं तिचं नाव, गाव माइकवरून घ्यायचं. महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात, तिथे सरावाला नाममात्र भाड्यात जागा द्या, म्हणजे टेरेसवरून वरच्या मजल्यावाल्यांच्या शिव्या खाव्या लागणार नाहीत. शाळांनाही एक सुचवतो. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजार पोरांनी वह्या घेऊन घरच्या म्हाताऱ्यांना गोष्टी, औषधं, म्हणी विचारल्या आणि लिहून आणल्या. आज त्या वह्या राष्ट्रीय ठेवा म्हणून जपल्यात. आपल्या पोरांना तर वहीही नको, मोबाईल आहे. दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्यासोबत हाही गृहपाठ द्या.

घरी आम्ही सुरुवात केलीय. रविवारी पुतणी फोन लावते, आई सांगते, मी टाइप करतो. एका गाण्याची मधली ओळ तिला आठवेना, म्हणून भोरला मावशीला फोन केला. मावशीला ती ओळ आठवत होती, पण चाल वेगळीच. त्यावरून दोघींचं अर्धा तास भांडण झालं. तेही रेकॉर्ड केलंय.

यंदाच्या स्पर्धेचा फॉर्म परवा ग्रुपवर आला. 'सौ.' अजून आहे. आयोजकांना फोन केला, "बघतो" म्हणालेत. शेवटची तारीख शनिवार आहे. ग्रुपनं या वेळी ठरवलंय की पहिल्या ओळीत 'सौ.'वर काट मारून आईचंच नाव लिहायचं. काय होतं ते रविवारी इथेच कळवतो.