नाव एकदाच लिहा

एका मुलाचं नाव शाळेत किती ठिकाणी लिहिलेलं असतं? जनरल रजिस्टर, हजेरीपट, निकालपत्रक, शिष्यवृत्तीची यादी... आता याद्या एक्सेलमध्ये आल्या, पण पद्धत तीच. एका यादीत 'वैष्णवी', दुसरीत 'वैश्नवी'. दाखला काढताना पालकांच्या चकरा सुरू!

यावरचा उपाय जुना आहे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती तक्त्यांत ठेवायची, प्रत्येक ओळीला स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि इतर तक्त्यांत फक्त तो क्रमांक वापरायचा. आपला रजिस्टर नंबर हेच काम करतो की! नाव विद्यार्थी तक्त्यात एकदाच. गुणांच्या तक्त्यात रजिस्टर नंबर, विषय, गुण एवढंच. नाव एका जागी दुरुस्त केलं की प्रत्येक यादीत बरोबर दिसतं.

पुढची पायरी स्टोअर्ड प्रोसिजर. म्हणजे कामाची रीत डेटाबेसमध्येच साठवायची आणि लागेल तेव्हा तिचं नाव घेऊन चालवायची. ९१ ते १०० गुणांना अ-१ श्रेणी, हा नियम तिथे एकदाच लिहिलेला. नाहीतर प्रत्येक वर्गशिक्षकाच्या फाईलमध्ये वेगळं सूत्र (आणि एखाद्यात ९० लाही अ-१). अर्थात तो नियमच चुकला तर सगळ्या शाळेचा निकाल चुकेल. म्हणून आधी पाच मुलांचा निकाल हाताने काढून ताडून बघावा.

माझं स्पष्ट मत, शाळेसाठी सॉफ्टवेअर घेताना रंगीत स्क्रीन पाहू नका. विचारा, "नाव किती तक्त्यांत साठवता?"