आधी गजर, मग अंथरूण

झोपेचं वेळापत्रक आखताना बहुतेक जण 'रात्री दहाला दिवे बंद' असा नेम धरतात आणि आठवड्याभरात तो मोडतो. मोडणारच, झोप हुकमानं येत नाही, जाग मात्र गजरानं आणता येते. म्हणून आधी ठरवावी ती उठण्याची वेळ. बहुतेकांच्या शरीरातलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं आणि ते रोज जुळवून घेतो तो मुख्यतः सकाळचा उजेड. शिवाय जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं, त्यानं झोपेची ओढ वाढते, सहाला उठलेल्याला रात्री दहाला जांभया येतात त्या यामुळेही. रविवारी दहापर्यंत लोळलं की रात्री ही ओढ कमी पडते, उजेडही उशिरा मिळतो आणि सोमवारचा गजर वैरी वाटतो. 'मग आठवड्याची थकबाकी फेडायची कधी?' प्रश्न रास्त आहे, थकबाकी खरीच असते. पण ती शनिवारी लवकर आडवं होऊन किंवा दुपारी वीस मिनिटं डुलकी काढून फेडलेली बरी. फिरत्या पाळीत राबणाऱ्यांना हा हिशेब लागू होत नाही, त्यांचा वेगळा हिशेब पाळ्या लावणाऱ्यांनी मांडावा. बाकीच्यांनी येत्या रविवारचा गजर बंद करू नये.