करार कागदावर, जबाबदारी वाऱ्यावर!

सरकारी पूल खचला तर त्याचा पंचनामा होतो आणि कंत्राटदाराचे नाव चव्हाट्यावर येते. परंतु सरकारने विकत घेतलेली संगणकप्रणाली खचली तर तिचा पंचनामा कोणी करावयाचा? खाते कंपनीकडे बोट दाखविते, कंपनी खात्याकडे. आणि नागरिक मात्र हात हलवीत घरी परततो.

सप्टेंबर २०२१ मधील प्रसंग आमचे वाचक विसरले नसतील. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील 'क' व 'ड' गटांच्या पदांसाठी २५ व २६ तारखांस लेखी परीक्षा व्हावयाची होती. प्रवेशपत्रांतील घोळ आधीच गाजत होता. तरीही उमेदवार पदरमोड करून परगावी निघाले. आणि परीक्षा काही तासांवर आली असता ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. काम घेतलेल्या कंपनीने असमर्थता दर्शविली, असा खुलासा करून तत्कालीन आरोग्यमंत्री श्री. राजेश टोपे यांनी उमेदवारांची क्षमा मागितली. ऑक्टोबरात परीक्षा झाली, तो प्रश्नपत्रिका फुटल्या. तपासात खुद्द खात्यातील अधिकाऱ्यांस अटक झाली आणि २०२२ मध्ये सारा खटाटोप रद्द करावा लागला. मंत्र्याने क्षमा मागणे हे सौजन्य खरे. परंतु करारातील जबाबदारीची जागा क्षमायाचना घेऊ शकत नाही.

दंडाचे कलम तर प्रत्येक करारात असते, असे यावर कोणी म्हणेल. असते खरे. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७४ व्या कलमान्वये करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा होय. न्यायालय तिच्या आतच वाजवी ते देते. शिवाय ही भरपाई मिळावयाची ती सरकारला. ज्याचे प्रवासाचे पैसे बुडाले आणि वयोमर्यादा उलटण्याच्या भीतीने ज्याची झोप उडाली, तो उमेदवार करारातील पक्षकारच नव्हे! सर्वांत मोठी झळ ज्याला लागते त्याचे नाव कागदावर कोठेही नसावे, हेच या व्यवहाराचे मुख्य व्यंग आहे.

हे दुखणे केवळ आपलेच आहे असेही नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्याने २००६ मध्ये आपली लोककल्याण-व्यवस्था आधुनिक करण्यासाठी आय.बी.एम. कंपनीशी सुमारे १३० कोटी डॉलरांचा दहा वर्षांचा करार केला. तक्रारींचा डोंगर साचल्यावर २००९ मध्ये तो मोडला. पुढे २०१२ साली खालच्या न्यायालयाचा कौल कंपनीच्या बाजूने पडला. कंपनीने कराराचा गंभीर भंग केला, हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावयास २०१६ साल उजाडले. करार मोडल्यापासून सहा वर्षांहून अधिक काळ करारभंग झाला की नाही हे ठरविण्यातच गेला! काम 'चांगले' झाले की 'वाईट' याची मोजपट्टी आधीच निःसंदिग्ध ठरलेली नसेल, तर धनाढ्य सरकारांचीही अशी गत होते.

आपल्याकडे आता आणखी एक जोखीम उभी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मूळ जबाबदारी टाकली आहे ती ज्याच्या हेतूसाठी माहिती गोळा होते त्याच्यावर, त्याच्या वतीने ती हाताळणाऱ्या कंपनीवर नव्हे. संरक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. म्हणजे चूक कंपनीची आणि उत्तर देणार खाते! ही जबाबदारी करारानेच कंपनीवर बांधली नाही, तर भुर्दंड अखेरीस करदात्याच्या माथी बसेल.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. कामाची चाचणी त्रयस्थाने घ्यावी आणि तीत उतरल्यावाचून हप्ता देऊ नये. उपकंत्राटदाराच्या चुकीस मूळ कंपनीनेच जबाबदार असावे. करार संपताच नागरिकांची माहिती व प्रणालीचा सोर्स कोड सरकारच्या हाती यावा. नाही तर जुन्याच कंपनीच्या दारी पुन्हा हात पसरावे लागतात. वेळ चुकल्यास नागरिकांस द्यावयाची भरपाई करारातच नमूद करावी. आणि हे करार जनतेस वाचावयास मिळावेत. माहिती अधिकार कायदा २००५ पासून अस्तित्वात आहे, तो काही शोभेसाठी नव्हे.

टाळी एका हाताने वाजत नाही, हेही आम्ही जाणतो. ऐन वेळी मागण्या बदलणारे, देयके अडवून धरणारे आणि संगणकाचे ज्ञान नसताना निविदा लिहिणारे खाते कोणत्याही सचोटीच्या कंपनीस जेरीस आणील. जबाबदारी मागणाऱ्याने आपली जबाबदारी आधी ओळखली पाहिजे. काम कंत्राटाने देता येते. उत्तरदायित्व देता येत नाही. सरकारने हे ध्यानी घेतले नाही, तर पुढल्या परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा एखादा मंत्री क्षमा मागेल आणि पुन्हा एखादा तरुण परगावच्या स्थानकावर परतीच्या गाडीची वाट पाहत बसलेला असेल.