पडद्यावरचा ताणाबाणा

मैत्रिणींनो, स्वयंपाकघर, शिवणयंत्र आणि शाळेच्या वह्या यांतून वेळ काढून मी कापड विणायला शिकले. माग नाही, धोटा नाही, मुलाच्या कॉम्प्युटरवर! हसू नका. त्यातून जे काही हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगते. आणि त्यात माझी झालेली फजितीही लपवत नाही.

झालं असं, की माझी धाकटी जाऊ खणाच्या पिशव्या शिवून विकते. दिवाळीच्या सुमारास तिला पिशवीला बांधायला छोटं कार्ड हवं होतं. "वहिनी, मागे खणाचा पोत दिसला पाहिजे हं," एवढीच तिची अट. फोनवर कापडाचा फोटो काढला, तर ट्यूबलाइटखाली जांभळा रंग करडा झाला आणि मधोमध चकाकीचा डाग. म्हटलं, पोत आपणच तयार करू. मी 'गिम्प' वापरते. ते फुकट मिळतं. फोटोशॉप असेल तर त्यातही कृती साधारण हीच, नावं थोडी वेगळी.

पहिल्या दिवशी सगळीकडे एकसारखा जांभळा रंग ओतला, वर बारीक रेघा मारल्या आणि मोठ्या ऐटीत सासूबाईंना दाखवलं. त्यांचं माहेर सोलापूरचं, लहानपण हातमागाच्या खडखडाटात गेलेलं. चष्मा सावरून म्हणाल्या, "अगं, हे तर मेणकापड झालं. यात ताणा कुठाय आणि बाणा कुठाय?"

चूक नेमकी तिथेच होती. कापड म्हणजे रंग नव्हे. उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा, आणि दोन्ही एकमेकांच्या वरून-खालून जातात. धागा कुठे जाड, कुठे बारीक. वर आलेल्या धाग्यावर उजेड पडतो, खाली गेलेला सावलीत राहतो. डोळ्याला 'पोत' म्हणून दिसतं ते हेच. तेव्हा कॉम्प्युटरवरही ताणा वेगळा, बाणा वेगळा करायचा.

सुरुवात साध्या खादीपासून करावी. हातसुताचा धागा मुळातच कमी-जास्त असतो, त्यामुळे आपली चूकसुद्धा शोभून दिसते!

१) बाराशे बाय बाराशे पिक्सेलचं नवं चित्र उघडा. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे हे चार इंचांचं कापड झालं. त्यात फिकट बदामी रंग भरा.

२) त्यावर नवा थर, म्हणजे लेयर घ्या आणि मधला करडा रंग भरा. मग 'नॉइज' या फिल्टरने त्यावर ठिपके पाडा, रवा भुरभुरावा तसे. 'इंडिपेंडंट आरजीबी'वरची खूण काढायला विसरू नका, नाहीतर ठिपके रंगीबेरंगी येतात.

३) आता 'मोशन ब्लर' घ्या, कोन शून्य, लांबी चाळीसच्या आसपास. ठिपके आडवे ओढले जाऊन धागे दिसू लागतील. हा झाला बाणा.

४) दुसरा करडा थर घेऊन पुन्हा नव्याने ठिपके पाडा आणि या वेळी कोन नव्वद ठेवा. हा ताणा. पहिल्याच थराची नक्कल फिरवून वापरू नका. कापडात दोन धागे कधी एकसारखे नसतात.

५) ओढल्यामुळे थर मळकट, सपाट दिसतो. 'लेव्हल्स'मध्ये जाऊन काळं-पांढरं जरा उठावदार करा. मग दोन्ही थर 'ओव्हरले'वर ठेवून त्यांची ठळकता निम्म्यावर आणा. मधला करडा खालच्या रंगाला धक्का लावत नाही. फक्त गडद भाग गडद होतो, उजळ भाग उजळ.

६) कडा नीट येत नाहीत. पुरी लाटल्यावर वाटीने कापतो तशा चारी बाजू थोड्या छाटून टाका.

एवढ्याने लांबून छान दिसतं. जवळून वीण दिसायला हवी असेल तर एक छोटा चौकोन करावा लागतो. सोळा पिक्सेलचा चौकोन घेऊन त्याचे बुद्धिबळाच्या पटासारखे चार भाग करा. समोरासमोरच्या दोन घरांत उभा धागा वर, उरलेल्या दोनांत आडवा. प्रत्येक धागा मध्ये उजळ, कडेला गडद. हा चौकोन 'पॅटर्न' म्हणून जतन करून सगळीकडे भरला, की साधी वीण तयार. मात्र इथे हिशेब चुकवू नका. धागा आठ पिक्सेलचा धरला तर छापल्यावर इंचाला सदतीसच धागे येतात; ते झालं जाडंभरडं कापड. तलम हवं तर धागा चार पिक्सेलचा करा.

मुलाच्या जीन्सचं कापड करायचं असेल तर वीण तिरकी. त्यात ताणा निळा आणि बाणा पांढरा असतो. निळा धागा तीन पांढऱ्यांवरून जाऊन एकाखालून जातो आणि दर ओळीला एक घर सरकतो. म्हणून तर जीन्स आतून पांढुरकी दिसते. उलटून पाहा, पटेल.

पैठणीच्या धूपछाव रंगाचं गुपितही यातच आहे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. दोन थरांना दोन रंग द्या. एकच सपाट मिश्र रंग देऊन ती झळाळी कधीच येत नाही.

आता आमचा खण. हे कापड मूळचं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं. त्याची बुट्टी विणतानाच येते, वरून छापलेली नसते. म्हणून बुट्टीही ताण्याबाण्याच्या थरांखाली ठेवायची, म्हणजे तिच्यावरही धागे उमटतात. वर ठेवलीत की ती चिकटवल्यासारखी दिसलीच! एकच बुट्टी करून ती मांडावी. जोड दिसत असेल तर 'ऑफसेट'ने चित्र निम्मं सरकवा. कडेचे जोड मधोमध येतात आणि 'क्लोन'च्या ब्रशने पुसता येतात.

घडी आणि चुणी दाखवायची तर वेगळ्या करड्या चित्रात काळे-पांढरे पट्टे काढून ते खूप धूसर करा. 'डिस्प्लेस' हे फिल्टर या उजेड-अंधाराप्रमाणे कापड सरकवतं, म्हणजे बुट्टीही चुणीबरोबर वळते. तेच पट्टे सावलीसाठी वर ठेवा. उजेड एकाच बाजूने हवा, एवढं सांभाळा.

सासूबाईंनी शेवटी पडद्यावरून चक्क बोट फिरवून पाहिलं. कार्डं छापून आली, जाऊ खूश.

आता सांगायला जड जातं ते. जाऊ म्हणाली, "वहिनी, पिशव्यांचे फोटो फिके येतात. त्यांच्यावरही तुमचं हे कापड चढवा की." मी चढवलं. दाट वीण, झळझळीत रंग, नेमकी घडी! स्वतःच्या कौशल्यावर मी इतकी भाळले होते, की मनात काही आलंच नाही. चार दिवसांत पाच-सहा मागण्या आल्या. त्यातली एक बाई लेकीच्या रुखवतासाठी घेणारी. पिशवी मिळाल्यावर तिचा फोन आला, "फोटोत कापड केवढं भरगच्च होतं हो, आणि हातात आलं ते पातळ." जाऊने सगळ्यांना फोन करून खरं सांगितलं आणि ज्यांनी मागितले त्यांचे पैसे परत केले. मला एक शब्द लागेलसा बोलली नाही. फक्त म्हणाली, "वहिनी, तुमचं कापड माझ्या कापडापेक्षा चांगलं निघालं."

हे वाक्य अजून टोचतं. तिने कापड निवडून, अस्तर लावून, रात्री जागून पिशव्या शिवल्या. आणि तिच्या मालाला तिच्याच दारात कमी ठरवलं ते मी.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. केलेला पोत कार्डाला, पत्रिकेला, मुलांच्या शाळेच्या प्रकल्पाला, नाहीतर शिवण्याआधी रंगसंगती पाहायला वापरायचा. विकायच्या वस्तूचा मात्र फोटोच. तो सकाळी खिडकीशी काढायचा, दिवा बंद करून. शेजारी पांढरा कागद ठेवायचा. 'लेव्हल्स'मधल्या पांढऱ्या ड्रॉपरने त्या कागदावर टिचकी मारली की रंग बराचसा मूळ कापडासारखा होतो. आणि एक फोटो अगदी जवळून, कापडावर रुपयाचं नाणं ठेवून. नाण्याशेजारी वीण किती दाट, किती विरळ ते गिऱ्हाइकाला आपसूक कळतं.

फोटो आता पूर्वीइतके झगझगीत नसतात. पण त्या रुखवतवाल्या बाईंनी संक्रांतीला पुन्हा दोन पिशव्या मागवल्या. "नाण्याचा फोटो पाहिला, म्हणून घेते," म्हणाल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, एखाद्या दुपारी खादीपासून सुरुवात करून पाहा. थर वेगवेगळे राहतील अशी मूळ फाईल जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी नुसता रंग बदलला की काम झालं. आणि जमलं की घरातल्या सर्वांत वडील बाईला आधी दाखवा. कापड तिच्या बोटांना जास्त कळतं.