'नव' या उपपदाची मुदत

उंद्रीच्या बौद्ध बंधुभगिनींनो,

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांसह लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, आणि थोड्याच काळात बातमीदारांच्या लेखणीला एक शब्द चिकटला : 'नवबौद्ध'. मोर्चा निघाला तर तो नवबौद्धांचा. विहिरीवर मारहाण झाली तर मार खाणारा नवबौद्ध. मारणारे मात्र 'काही ग्रामस्थ' या दोन शब्दांत सुखाने झाकलेले! शब्द वरवर निरुपद्रवी दिसतो, पण त्याचा अर्थ गावात ज्याला त्याला कळे : हे कालपर्यंत कोण होते ते विसरू नका. जातीचे नाव छापावयास संकोच वाटू लागला, तेव्हा ते न छापता पोहोचविण्याची ही युक्ती होती.

आम्ही वकिली करतो, म्हणून साधा प्रश्न विचारतो. 'नव' म्हणजे किती वर्षे? 1956 साली दीक्षा घेतलेल्यांच्या पणतवंडांनाही हा शब्द लावला जातो. त्या दीक्षेच्या दिवशी तुमची उंद्री मध्य प्रदेशात होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ती मुंबई राज्यात आली आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. उंद्रीकरांस 'नवमहाराष्ट्रीय' असे कोणी लिहिले काय? नेताजी पालकर 1676 साली स्वधर्मात परतले. त्यांस 'नवहिंदू' म्हणणारा इतिहासकार आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

बाबासाहेबांनीच 'नवयान' म्हटले होते, असे काही विद्वान सुनावतात. होय, दीक्षेच्या आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलताना म्हटले होते. परंतु यान म्हणजे मार्ग. मार्गास नवा म्हणणे निराळे आणि त्यावरून चालणाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या नवखा ठरविणे निराळे. दुसऱ्यांनी लादलेल्या नावाविषयी बाबासाहेब किती दक्ष होते हे पाहावयाचे असेल तर जानेवारी 1938 आठवा. मुंबई कायदेमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्यात 'हरिजन' शब्द घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद त्यांच्यासह सभागृह सोडून बाहेर पडले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर शासनाने धर्मांतरितांस राज्याच्या सवलती दिल्या, हे योग्यच झाले. पण शब्द उचलला तो वृत्तपत्रांचाच. 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' ही अक्षरे घरकुलाच्या व विद्यार्थ्यांच्या योजनांवर आजही आहेत. उलट केंद्राचा कायदा पाहा. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदूंखेरीज इतरांना, काही शीख जाती वगळता, स्थान नव्हते. 1956 साली सर्व शिखांना ते मिळाले, आणि बौद्धांना 1990 साली. चौतीस वर्षे आपल्या मुलांची केंद्राच्या नोकऱ्यांतील वाट अडली होती! मात्र दुरुस्ती झाली तेव्हा आदेशात शब्द आला तो 'बौद्ध'. 'नव' तेथे नाही. ज्या कायद्यावर तुमचा हक्क उभा आहे, त्यालाच या उपपदाची गरज वाटली नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली, त्यांनी हे नीट ध्यानी घ्यावे. योजनेच्या छापील अर्जावर 'नवबौद्ध' असेल तर अर्ज अवश्य भरा. शब्दाच्या रागाने घरकुल सोडू नका. पण धर्माचा रकाना स्वहस्ते भरावयाचा असेल तेथे 'बौद्ध' एवढेच लिहा. जातीचा रकाना वेगळा असतो; त्यात अनुसूचीतील मूळ जातीचे नाव जसेच्या तसे लिहा, कारण जातीचे प्रमाणपत्र त्याच नोंदीवर मिळते. दोन रकान्यांची सरमिसळ झाली की मुलांचे प्रवेश अडतात. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात 1951 च्या जनगणनेत अवघे अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते, ते 1961 साली सुमारे 27 लाख 90 हजार झाले. धर्माच्या तक्त्यात ते 'बौद्ध' म्हणूनच मोजले गेले. 2027 च्या जनगणनेचा प्रगणक दारी येईल तेव्हा तो काय लिहितो ते वाचून पाहा.

आणि गावच्या बातमीत पुन्हा हा शब्द दिसला तर संपादकास एक पोस्टकार्ड टाका. शिवी नको, व्याख्यान नको. 'नव' ची मुदत कोणत्या तारखेस संपते, एवढेच विचारा.