केबल तुटली तरी गावातले नेट चालू राहील का? राउटर रस्ता कसा बदलतो, ते समजून घ्या

जळगाव : रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की ग्रामपंचायतीतले नेट बंद पडते आणि दाखल्यासाठी आलेल्यांना 'उद्या या' असे ऐकावे लागते. यावर उपाय म्हणून सुधारित भारतनेट योजनेत ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या आहेत. मात्र, नुसती केबलची रिंग पुरेशी नाही. राउटरही तसा कॉन्फिगर करावा लागतो.

योजनेत काय बदलले?
केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेला मंजुरी दिली. देशातील सुमारे २.६४ लाख ग्रामपंचायती रिंगने जोडणे आणि तालुका व ग्रामपंचायत स्तरावर राउटर बसवणे, हे तिचे स्वरूप. सरळ रेषेत टाकलेली एकच केबल तुटली, तर पुढची सगळी गावे ठप्प होतात. रिंगमध्ये प्रत्येक गावाला दोन बाजूंनी वाट मिळते.

राउटरला दुसरी वाट कशी कळते?
मेहरूणहून धुळ्याला एरंडोल-पारोळामार्गे जाता येते. तो रस्ता बंद असेल तर धरणगाव-अमळनेरमार्गे जाता येते. पण बंदची खबर आधी मिळायला हवी. राउटरना ही खबर 'डायनॅमिक राउटिंग प्रोटोकॉल'मुळे मिळते. ओएसपीएफ हा त्यातला एक प्रचलित प्रोटोकॉल. त्यात शेजारचे राउटर साधारणपणे दर १० सेकंदांनी एकमेकांना 'हॅलो' संदेश पाठवतात. ४० सेकंद हॅलो आला नाही, तर ती वाट बंद धरून नवा मार्ग काढला जातो. केबल तुटून पोर्टच बंद पडला, तर तेवढेही थांबावे लागत नाही.

इंटरफेसचे सेटिंग का महत्त्वाचे?
केबल राउटरच्या ज्या पोर्टला जोडतात, तो इंटरफेस.
• रिंगच्या दोन्ही बाजूंच्या इंटरफेसवर प्रोटोकॉल सुरू हवा. एकाच बाजूला असेल, तर दुसरी केबल असून नसल्यासारखी.
• समोरासमोरच्या दोन इंटरफेसवर एरिया क्रमांक आणि हॅलोच्या वेळा जुळायला हव्यात. नाहीतर राउटर एकमेकांना शेजारी मानत नाहीत.
• कार्यालयातील संगणकांकडे जाणारा इंटरफेस 'पॅसिव्ह' ठेवतात. तसे न केल्यास तिथे जोडलेला भलताच राउटर चुकीचे मार्ग पसरवू शकतो.

गावाने काय तपासावे?
पहिली केबल चालू असेपर्यंत सेटिंगमधली चूक दिसत नाही. त्यामुळे काम ताब्यात घेतानाच तंत्रज्ञाला आधी एक केबल, मग दुसरी काढून दाखवायला सांगावे. दोन्ही वेळा नेट चालू राहिले, तरच रिंग खरी. शिवाय दोन्ही केबल एकाच चरातून आल्या आहेत का, हेही विचारावे. तसे असेल, तर जेसीबीच्या एकाच घावात दोन्ही तुटतील आणि अचूक सेटिंगचाही उपयोग होणार नाही.