वायुदुष्टी आणि आपली औषधिद्रव्ये

वायुप्रदूषणाचा विषय निघाला म्हणजे आपल्या वैद्यवर्गात दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक, हा प्रश्न शासनाचा आहे. दुसरे, आपल्यापाशी च्यवनप्राश, सितोपलादी आणि वासावलेह आहेतच. या उत्तरांनी आमचे समाधान होत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला जनपदोद्ध्वंसाचा विचार सांगतात. प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असूनही माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रासली जातात? वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात म्हणून. दूषित वायूच्या लक्षणांत असात्म्य गंध, बाष्प, धूळ व धूर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. याच अध्यायात एक आज्ञा आहे, तिच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. भूमी विरस होण्यापूर्वी, औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नष्ट होण्यापूर्वी त्यांचा संग्रह करावा, असे आत्रेय सांगतात. म्हणजे भूमी, जल, वायू बिघडले की रोग वाढतोच, शिवाय तो हरण करणारे औषधही निःसत्त्व होते.

आपल्या राज्यात याचे उदाहरण चंद्रपूर होय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर ८३.८८ गुणांकासह चौथे होते. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, औष्णिक वीजकेंद्र आणि विपुल वनसंपदा ही सर्व एकाच जिल्ह्यात आहेत. पानांवर राख व धूळ बसली की पर्णरंध्रे बुजतात आणि वनस्पतीचे पोषण मंदावते. शैलेय, म्हणजे आपले दगडफूल, गंधकाच्या धुराला फार नाजूक असते व हवेतील धातूही शोषून घेते. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. परंतु शिसे कुजत नाही, रस्त्याकडेच्या मातीत ते साठून राहते. अशाच हमरस्त्याच्या कडेचा अडुळसा तोडून त्याचा काढा धुरानेच कास जडलेल्या रुग्णाला द्यावयाचा, यास चिकित्सा कसे म्हणावे?

केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. शिशाची मर्यादा १० पीपीएम, पाऱ्याची १ पीपीएम. ही दक्षता परदेशी रुग्णापुरतीच का असावी? औषधनिर्मात्या बंधूंना आमची विनंती आहे की, कच्च्या मालाच्या नोंदवहीत द्रव्याच्या नावासोबत ते कोठून व कोणत्या ऋतूत गोळा केले, हेही लिहावे. व्यापाऱ्यास हे सांगता येत नसेल, तर तो माल स्वस्त असला तरी घेऊ नये. भस्मांच्या पुटांचा व काढ्यांच्या भट्ट्यांचा धूर शेजारवस्तीत जात असेल, तर त्याची व्यवस्था करणेही आपलेच कर्तव्य आहे.

चिकित्सक बंधूंसही थोडे सांगावयाचे आहे. श्वास व हिक्का यांच्या हेतूंत चरकाचार्यांनी रज, धूम व वात सांगितले आहेत. तरीही रुग्णपत्रिकेत आहारविहार सविस्तर येतो. घरात चूल आहे की गॅस, कामाची जागा कोणती, खिडकी कोणत्या रस्त्यावर उघडते, हे प्रश्न राहून जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेतील सूक्ष्म कणांची (पीएम २.५) वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम अशी सुचविली, आपल्या देशाने २००९ मध्ये ती ४० ठरविली होती. यावरून आपला रुग्ण किती भार वाहत आहे, याची कल्पना यावी.

निदानपरिवर्जन हीच संक्षेपाने चिकित्सा, असे सुश्रुताचार्य सांगतात. मुखपट्टी, चुलीला पर्याय, कचरा न जाळणे हा उपदेशही म्हणून औषधयोजनेइतक्याच आग्रहाने लिहून द्यावा. आणि 'प्रदूषणावर कवच' अशी जाहिरात वेष्टनावर छापण्याचा मोह टाळावा. रसायनाने बल येते, हे खरे. पण त्याच्या भरवशावर रुग्ण धुरातच बसून राहिला, तर दोष शास्त्राचा नव्हे, आपला ठरेल.

जनपदोद्ध्वंसाचे मूळ आत्रेयांनी प्रज्ञापराधात पाहिले. तो इतरांचा दाखविणे सोपे आहे. प्रारंभ आपल्या औषधशाळेपासून व्हावा.